नातीचा किक शॉट

सप्तव्यसनांत जुगार पहिला, म्हणून कॉलेजात असताना मुलाचा पूल मी बंद करायला लावला होता.

परवा पन्हाळ्याच्या हॉटेलात नात खेळत होती. काळा बॉल पॉकेटच्या तोंडाशी, पण वाट अडलेली. तिनं पांढरा बॉल समोरच्या कडेवर मारला. तो उलटा फिरून काळ्याला लागला आणि काळा आत! मी आ वासून बघतच राहिले. मुलगा म्हणाला, "आई, ह्याला किक शॉट म्हणतात." इतक्या वर्षांनी नाव पाठ!

पुण्यात जन्मलेले विल्सन जोन्स १९५८ साली पूलच्याच भाऊबंद बिलियर्ड्समध्ये हौशी जगज्जेते झाले. दोष पैजेचा, टेबलाचा नाही. सुनेला सांगितलं, पोरीला खेळू दे. मुलाशी मात्र अजून बोलले नाही.