एक शब्द घातला, एक शब्द गाळला

१८७३ साली जोतीराव फुले यांचे ‘गुलामगिरी’ प्रसिद्ध झाले. गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या अमेरिकन लोकांना त्यांनी ते आदरपूर्वक अर्पण केले. त्याच वर्षी जून महिन्यात न्यूयॉर्क राज्यातल्या एका न्यायालयात सुझन बी. अँथनी आरोपी म्हणून उभी होती. गुलामगिरीविरोधी चळवळीत तिने वर्षानुवर्षे काम केले होते. तिचा गुन्हा एवढाच, की १८७२ च्या निवडणुकीत तिने मत दिले. न्यायाधीशाने ज्यूरीला विचारविनिमयही करू दिला नाही. दोषी ठरवून शंभर डॉलर दंड केला. तो दंड तिने कधीच भरला नाही.

गुलामांच्या बेड्या तोडणाऱ्या देशात बाईने मत देणे हा गुन्हा कसा ठरला? याचे उत्तर तिथल्या घटनादुरुस्त्यांच्या मजकुरातच सापडते.

यादवी युद्धानंतर पाच वर्षांत तीन दुरुस्त्या झाल्या. १८६५ च्या तेराव्या दुरुस्तीने गुलामगिरी बंद केली, पण गुन्ह्याची शिक्षा म्हणून सक्तीची मजुरी तेवढी शिल्लक ठेवली. १८६८ च्या चौदाव्या दुरुस्तीने अमेरिकेत जन्मलेल्यांना नागरिकत्व दिले आणि प्रत्येक व्यक्तीला कायद्याचे समान संरक्षण दिले. मात्र तिच्याच दुसऱ्या कलमात मतदारांचा उल्लेख करताना ‘पुरुष’ हा शब्द आला. तोवर अमेरिकेच्या घटनेत तो नव्हता. पुढे १८७० ची पंधरावी दुरुस्ती सांगते, की वंश, वर्ण किंवा पूर्वीची गुलामी या कारणांनी मताचा हक्क नाकारता येणार नाही. ‘लिंग’ हा शब्द त्या यादीत नाही. एका दुरुस्तीत एक शब्द घातला गेला, दुसरीत एक गाळला गेला.

स्त्रियांना तेव्हा सांगण्यात आले, की ही वेळ कृष्णवर्णीयांची आहे, तुम्ही थांबा. हे सांगणारे बरेचसे चळवळीतलेच मित्र होते. या प्रश्नावर १८६९ मध्ये चळवळ फुटली. ल्यूसी स्टोनच्या गटाने पंधराव्या दुरुस्तीला पाठिंबा दिला. एलिझाबेथ केडी स्टँटन आणि अँथनी यांनी विरोध केला. त्या रागात स्टँटनने कृष्णवर्णीय आणि परदेशातून आलेल्या पुरुषांविषयी जी हीन भाषा वापरली, ती आज वाचतानाही मान खाली जाते. अन्याय दोघांवरही होता, पण भांडण त्यांच्या आपसातच लागले. आणि या भांडणात कृष्णवर्णीय स्त्री कुणाच्याच हिशेबात नव्हती.

१८७५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निर्वाळा दिला, की स्त्री नागरिक आहे, पण नागरिक असणे म्हणजे मताचा हक्क असणे नव्हे! १८८६ साली आपल्या पंडिता रमाबाई अमेरिकेत गेल्या आणि तिथल्या लोकस्थितीवर त्यांनी मराठीत पुस्तक लिहिले. ज्या स्त्रियांच्या संघटना त्यांनी जवळून पाहिल्या, त्यांतल्या बहुतेकींना मताचा हक्क नव्हता.

स्त्रियांच्या मताची दुरुस्ती १८७८ मध्ये काँग्रेसपुढे आली. ती मंजूर व्हायला चार दशके लागली. १९१७ मध्ये स्त्रिया राष्ट्राध्यक्षांच्या निवासस्थानापुढे फलक घेऊन उभ्या राहिल्या, तुरुंगात गेल्या. तिथे त्यांनी उपोषण केले, तेव्हा त्यांच्या घशात नळ्या घालून अन्न ओतण्यात आले. ऑगस्ट १९२० मध्ये टेनेसीच्या मान्यतेने एकोणिसावी दुरुस्ती पूर्ण झाली. तेव्हा अँथनीला जाऊन चौदा वर्षे झाली होती.

पण दक्षिणेतल्या कृष्णवर्णीय स्त्रीच्या हाती मतपत्रिका आली का? तिच्या वाटेत मतदान-कर होता, साक्षरतेची परीक्षा होती आणि मारहाणीची भीती होती. १९६२ मध्ये मिसिसिपीत फॅनी लू हेमर ही शेतमजूर बाई मतदार म्हणून नाव नोंदवायला गेली. मळेमालकाने तिला त्याच दिवशी घराबाहेर काढले. पुढच्या वर्षी तुरुंगात तिला इतके मारले, की शरीर कायमचे अधू झाले. ती हटली नाही. १९६४ च्या चोविसाव्या दुरुस्तीने केंद्रीय निवडणुकांतला मतदान-कर रद्द केला आणि १९६५ च्या मतदान हक्क कायद्याने सरकारला अंमलबजावणीचे बळ दिले. पंधराव्या दुरुस्तीतला शब्द जमिनीवर उतरायला पंचाण्णव वर्षे लागली. त्या कायद्याचाही एक मोठा आधार सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये काढून घेतला.

‘समान संरक्षण’ स्त्रियांनाही लागू होते, असे सांगून न्यायालयाने भेदभाव करणारा कायदा पहिल्यांदा रद्द केला तो १९७१ मध्ये. चौदाव्या दुरुस्तीनंतर तब्बल १०३ वर्षांनी. स्त्री-पुरुष समान हक्कांची स्वतंत्र दुरुस्ती १९२३ पासून मागितली जात होती. १९७२ मध्ये काँग्रेसने ती संमत केली, पण १९८२ ची मुदत संपली तेव्हा ३८ ऐवजी ३५ राज्यांचीच मान्यता मिळाली होती. अडतिसावे राज्य २०२० मध्ये आले. मुदतीचा वाद मिटला नाही आणि ती दुरुस्ती घटनेत दाखल झाली नाही.

याची किंमत २०२२ मध्ये दिसली. गर्भपाताचा हक्क १९७३ पासून चौदाव्या दुरुस्तीच्या न्यायालयीन अर्थावर उभा होता. न्यायालयाने तो अर्थ बदलला. घटनेत गर्भपाताचा शब्द नाही, असे म्हणताना १८६८ साली राज्यांचे कायदे काय होते हेही पाहिले गेले. ते कायदे करताना एकाही बाईला मत विचारलेले नव्हते. जिला थांबायला सांगितले होते, तिच्या नातीच्या नातीलाही त्या थांबण्याचा हिशेब चुकवावा लागला.

मैत्रिणींनो, घटनादुरुस्ती हे वरून मिळालेले दान नसते, आणि लढ्याचा शेवटही नसतो. तो हक्काचा लेखी पुरावा असतो; तो हाती असला तरी वसुलीला आपल्यालाच जावे लागते. पण मुळात तोच नसेल, तर मिळालेलेही परत घेतले जाते. म्हणून एखादी सुधारणा येताना तिचा मजकूर अभ्यासवर्गात शब्दन् शब्द वाचायला हवा. कोण आत आहे, कोण बाहेर राहिले? आणि ‘तुमची वेळ अजून आलेली नाही’ असे कुणी म्हणाले, तर शेजारी उभ्या असलेल्या बाईशी भांडायचे नाही. तिचा हात धरून दोघींनी मिळून विचारायचे: मग ती कधी येणार, आणि हे ठरवले कोणी?