टर्बोच्या आधी? मुळीच नाही

साताऱ्याच्या एमआयडीसीत काय किंवा कुपवाडच्या औद्योगिक वसाहतीत काय, टर्बो पेट्रोल गाडी रीमॅपला घेतली की पहिला वाद वाइडबँड ऑक्सिजन सेन्सरचा नट कुठे वेल्ड करायचा यावरून पेटतो. एक पक्ष म्हणतो, टर्बोच्या आधी, थेट एक्झॉस्ट मॅनिफोल्डवर. दुसरा म्हणतो, पाइपला भोक कशाला, सायलेन्सरच्या टोकाला अडकवा. ज्या जिल्ह्यात वाईची प्राज्ञपाठशाळा आहे तिथे पूर्वपक्ष न मांडता खंडन करणं शोभणार नाही, म्हणून आधी त्यांची बाजू.

मॅनिफोल्डवाल्यांचं म्हणणं असं: वायू ताजा मिळतो, सेन्सर लवकर तापतो, आकडा उशिरा येत नाही, आणि एक्झॉस्टचं तापमान मोजणारा थर्मोकपल टर्बोच्या आधीच लावतात ना, मग यालाच वेगळा न्याय का? हा शेवटचा मुद्दा बिनतोड वाटतो आणि तोच सगळ्यात फसवा आहे. टर्बाइनच्या तोंडाशी आच किती, हे थर्मोकपलला सांगायचं असतं. टर्बाइनमधून जाताना वायू निवतो, मग नंतर मोजून उपयोग काय? वाइडबँडचं काम निराळं. तो ऑक्सिजन पंप करतो आणि त्यासाठी किती विद्युतप्रवाह लागला यावरून मिश्रण ओळखतो. हा प्रवाह वायूच्या दाबाबरोबर वाढतो. सगळी मेख इथे आहे.

बूस्ट 1 बार असताना मॅनिफोल्डमधला निरपेक्ष दाब अडीच-तीन बारवर गेला तरी नवल नाही. लॅम्बडा 1 असताना, म्हणजे हवा-पेट्रोल नेमक्या आदर्श प्रमाणात असताना, पंपाचा प्रवाह शून्य असतो, त्यामुळे सांगली-मिरज रस्त्यावर निवांत चालवताना आकडा बरोबरच दिसतो आणि फिटर खूश होतो. खंबाटकीच्या चढाला पाय दाबला की मात्र चूक बाहेर पडते: रिच मिश्रण आहे त्याहून रिच दिसतं. प्रत्यक्षात 0.85 असलेला लॅम्बडा 0.80 च्या आसपास दिसू लागला की ट्यूनर काय करणार? पेट्रोल कापणार. म्हणजे ऐन भारावर, जिथे जादा पेट्रोलच पिस्टनला वाचवत असतं, तिथेच इंजिन लीन होणार. आकडा हवा तसा आणि पिस्टन वितळलेला, असा हा सौदा आहे. दाब मोजून दुरुस्ती करता येते हे खरं, पण त्यासाठी मॅनिफोल्डला आणखी एक सेन्सर बसवणारा गॅरेजवाला मला अजून भेटायचा आहे.

तापमानाचं गणितही उलटंच आहे. प्रचारात असलेला बॉशचा एलएसयू 4.9 आतली सिरॅमिक सुमारे 780 अंश सेल्सिअसवर राखतो. हीटर तिला तापवू शकतो, थंड करू शकत नाही. त्याच्यासाठी वायूची मर्यादा 930 अंश आणि षट्कोनी बुडाची 600. पूर्ण भारावर पेट्रोल टर्बोच्या मॅनिफोल्डमध्ये या मर्यादा सहज ओलांडल्या जातात. सेन्सर फुटलाच, तर तुकडे कुठे जाणार? टर्बाइनच्या पात्यांवर. शिवाय एका नळीवर लावलेला सेन्सर एकाच सिलिंडरची खबर देतो; टर्बाइनमधून बाहेर येईतो चौघांचं मिश्रण होतं. उशिराचं म्हणाल, तर वायू सेकंदाला 50 मीटर धावत असेल तर 60 सेंटिमीटरला 12 मिलिसेकंद लागतात. सेन्सर स्वतःच त्याहून मंद आहे.

टेलपाइपवाल्यांना फार वेळ देत नाही. एक्झॉस्टच्या प्रत्येक ठोक्यागणिक टोकातून बाहेरची हवा आत ओढली जाते आणि आयडलला आकडा लीन दिसतो. डायनोवर लांब नळी खोल घालून घटकाभर तपासायला ती सोय चालेल, कायमची नव्हे.

मग जागा कुठली? डाउनपाइपवर, टर्बोपासून साधारण 60 ते 90 सेंटिमीटर खाली, कॅटॅलिटिक कन्व्हर्टरच्या आधी. सेन्सर पाइपच्या वरच्या अंगाला, आडव्या रेषेपासून किमान 10 अंश वर उचललेला, टोक खाली. याचं कारण पाणी. महाबळेश्वरच्या थंड सकाळी एक्झॉस्टमधली वाफ पाइपात साचते आणि तापलेल्या सिरॅमिकवर एक थेंब पडला तरी तडा जातो. हीटरही इंजिन सुरू झाल्यावरच चालू व्हायला हवा, नुसत्या इग्निशनवर नाही. सेन्सरच्या आधी, टर्बोकडच्या बाजूला फ्लँजची गॅस्केट गळकी असेल, तर मात्र जागा कितीही अचूक निवडा, आकडा खोटाच येणार.

आणि गेज हवा-पेट्रोल प्रमाणाच्या, 14.7 च्या भाषेत वाचायची सवय आता सोडा. कृष्णाकाठच्या उसाचं इथेनॉल पेट्रोलमध्ये आल्यापासून तो आकडा ई20 ला लागू नाही. तिथे आदर्श प्रमाण 13.5 च्या आसपास आहे. लॅम्बडा मात्र दोन्हीकडे 1 च.

राहतो तो एक खरा पेच, आणि विरोधकांनी तोच काढायला हवा होता: बीएस-6 च्या कित्येक टर्बो गाड्यांत कॅट टर्बोला चिकटूनच बसलेला असतो, मधे 60 सेंटिमीटर येणार कुठून? कॅट कापणं बेकायदा आहे आणि त्याचा धूर गावालाच गिळावा लागतो, तेव्हा तो मार्ग नको. कॅटनंतर लावलेला सेन्सर काहीसा सुस्त, सपाट आकडा देईल. स्थिर भारावर तो पुरतो, पाय दाबताच्या क्षणाला पुरत नाही. अशा गाडीत टर्बोच्या बाहेरच्या तोंडाशी, कॅटच्या आधी कंपनीने स्वतःच बसवलेला सेन्सर बहुधा वाइडबँडच असतो. वेल्डिंग मशिन काढण्याआधी ओबीडी सॉकेटला वायर लावून त्याचा आकडा वाचा.