विमानतळावरचा महाग घास

विमानतळाच्या उपाहारगृहात बसून जेवलेल्या प्रवाशाच्या हाती बिल पडते आणि त्याने भुवया उंचावल्या की, त्याला एकच खुलासा ऐकू येतो : येथील जागेचे भाडे भारी, म्हणून पदार्थ महाग. हा खुलासा इतका सर्वमान्य झाला आहे की, तो तपासून पाहण्याची गरज कोणास वाटत नाही. वस्तुतः त्यात कार्यकारणाचा क्रमच उलटा झालेला आहे.

डेव्हिड रिकार्डो या अर्थशास्त्रज्ञाने १८१७ साली खंडाची मीमांसा केली. खंड भारी म्हणून धान्य महाग होत नाही. धान्याला चढा भाव मिळतो म्हणून जमीनमालकास भारी खंड मागता येतो, असा तिचा आशय होता. विमानतळ हे या सिद्धान्ताचे चोख उदाहरण होय. प्रवासी उड्डाणाच्या दोन तास आधी येतो. सुरक्षा तपासणी झाली की, चहासाठी बाहेर जाण्याची सोय उरत नाही. अशा कोंडलेल्या गिऱ्हाइकाकडून किती वसूल होईल, याचा अंदाज घेऊनच ठेकेदार निविदा भरतो. म्हणजे भाड्यावरून किंमत ठरत नाही. किमतीच्या आशेवर भाडे ठरते.

या खंडाचा एक वाटेकरी शासनही आहे, हे विसरून चालणार नाही. २००६ मध्ये मुंबई विमानतळाचे संचालन खासगी कंपनीकडे गेले, ते ढोबळ उत्पन्नाच्या ३८.७ टक्के हिस्सा विमानतळ प्राधिकरणाला देण्याच्या बोलीवर. अधिक वाटा देईल त्याचा ठेका, ही रीत एकदा पडली की, प्रवाशाच्या ताटाकडे पाहण्यास कोणालाच सवड राहत नाही. कायद्याचाही आधार येथे तोकडा पडतो. छापील किमतीहून अधिक दराने बाटलीबंद पाणी विकण्यास हॉटेले व उपाहारगृहे यांना मुभा आहे, कारण तेथे विक्रीबरोबर सेवाही दिली जाते, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१७ मध्ये दिला.

यावर दोन आक्षेप संभवतात. पहिला असा की, विमानाने जाणारा मनुष्य सधन असतो. त्याची कड घेण्याचे कारण काय? हे चित्र आता जुने झाले. सर्वसामान्यांना परवडेल असा विमानप्रवास, हे उद्दिष्ट ठेवून शासनाने २०१६ मध्ये ‘उडान’ योजना आणली. अंबडच्या कारखान्यातील तंत्रज्ञ, परगावी नोकरीस असलेल्या मुलाकडे निघालेले निवृत्त शिक्षक, मुलाखतीस जाणारा पदवीधर हेही आज विमानात बसतात. तिकिटासाठी महिनोन्‌महिने पैसे साठवणाऱ्यास दोन घासांचा भुर्दंड जड जातोच.

दुसरा आक्षेप अधिक विचारार्ह आहे. २०१६ च्या विमान वाहतूक धोरणानुसार दुकाने, उपाहारगृहे आदींपासून विमानतळाला मिळणाऱ्या उत्पन्नाचा ३० टक्के भाग विमानसेवेचे शुल्क कमी करण्यासाठी धरला जातो. तेव्हा महाग जेवणाने तिकीट थोडे स्वस्त होते, असे म्हणता येईल. परंतु उरलेल्या ७० टक्क्यांचे काय? शिवाय विमानतळ चालविण्याचा खर्च भागवायचाच असेल, तर तो उघड शुल्काने भागवावा. भुकेवर बसविलेला छुपा कर हा करांतील सर्वांत अन्यायाचा कर होय.

ऐसपैस बसून, धावपट्टी न्याहाळत, वाढप्याच्या हातचे जेवण घेणाऱ्याने त्याचे मोल अवश्य द्यावे. त्यास कोणाची हरकत नाही. प्रश्न आहे तो पर्याय नसण्याचा. जेथे निवड नाही, तेथील दराला बाजारभाव म्हणणे हा शब्दाचा अपलाप आहे. घरून कोरडी शिदोरी नेता येते हे खरे. पण प्रवाशाच्या डब्यामुळे व्यवस्थेची जबाबदारी संपत नाही. पर्याय देणे अशक्य नाही, हे कोलकात्याने दाखविले. तेथील विमानतळावर डिसेंबर २०२४ मध्ये सुरू झालेल्या ‘उडान यात्री कॅफे’त चहा १० रुपयांना आणि सामोसा २० रुपयांना ठेवण्यात आला. अधिकृत थांब्यांवर एस. टी.च्या प्रवाशांना ठरावीक दरात चहा-नाश्ता देण्याची योजना आपल्या राज्यालाही अपरिचित नाही.

नाशिककरांनी याकडे आताच लक्ष द्यावयास हवे. २०१४ मध्ये प्रवासी टर्मिनल लाभलेले ओझरचे विमानतळ हिंदुस्थान एरोनॉटिक्स या सार्वजनिक उपक्रमाच्या मालकीचे आहे. २०२७ च्या सिंहस्थाच्या निमित्ताने त्याच्या विस्ताराचा विचार पुढे आला आहे. निविदेच्या अटी लिहिल्या जातात, तीच दर ठरविण्याची खरी वेळ. ठेका दिल्यावर केलेली ओरड व्यर्थ ठरते. म्हणून सुरक्षा तपासणीच्या आतील बाजूस निदान एक उपाहारगृह असे असावे की, ज्याचा ठेका सर्वाधिक भाडे देणाऱ्यास नव्हे, तर पोळी-भाजी, चहा आणि पाणी ठरावीक दर्जा राखून सर्वांत कमी दरात देणाऱ्यास मिळेल. बाकीची दालने खुशाल बोलीवर जावोत. सार्वजनिक वास्तूचे उत्पन्न वाढावे, हे योग्यच. परंतु ते नागरिकाच्या अडचणीतून वाढू लागले, तर त्यास उत्पन्न न म्हणता अडवणूक म्हणावे लागेल.