ठिबकणारा नळ

घरातले काही आवाज दिवसा कोणाच्या गावीही नसतात आणि रात्री मात्र साऱ्या घराला जागवितात. गळक्या नळाची टपटप त्यांतली पहिल्या नंबरची.

लोअर परळला जिथे गिरण्यांची धुराडी होती तिथे आता उंच इमारती उभ्या आहेत, आणि आमच्यासारखी चाळीतून निघालेली काही कुटुंबे त्यांच्या आसपास ब्लॉकमध्ये राहावयास आली आहेत. आमच्या जागेच्या आधीच्या मालकांनी हौसेने न्हाणीघरात टब बसविला होता. त्यात पाय पसरून अंघोळ करण्याची चैन आमच्याकडे कोणी केली नाही. भरलेल्या बादल्या ठेवायला मात्र तो फार सोयीचा! त्याच टबाचा नळ यंदा पावसाळ्यात गळू लागला.

सासूबाईंचे वय ब्याऐंशी. लग्न होऊन त्या मालवणकडून डिलाइल रोडच्या, म्हणजे आताच्या ना. म. जोशी मार्गाच्या, चाळीत आल्या. मजल्यावर सामाईक नळ, पाणी पहाटे, तेही तासाभराचे. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला आणि मामंजींच्या पाळ्या कायमच्या थांबल्या; पण सासूबाईंची पहाटेची पाळी चुकली नाही. आता टबात टपटप सुरू झाली की त्या साडेतीनलाच उठत, “गो, पाणी इला काय?” म्हणून मला विचारीत आणि बादली घेऊन ओल्या फरशीवरून निघत. एके रात्री त्यांचा पाय घसरला. भिंतीचा आधार मिळाला म्हणून बरे. तेव्हापासून हा प्रश्न पाण्यापेक्षा त्यांच्या हाडांचा झाला.

प्लंबर दोनदा आला, पान्याने नळ आवळून गेला. तिसऱ्या दिवशी टपटप पुन्हा हजर. मी नळाखाली बाटली धरली, तर तासाभरात अर्धा लिटर पाणी जमले. म्हणजे दिवसाला बारा लिटर आणि वर्षाला चार हजारांच्या वर! मुंबईला विहारचे पाणी १८६० मध्ये मिळाले, तानसाचे १८९२ मध्ये. तानसा आणि भातसा दोन्ही शहापूर तालुक्यात. आणि त्याच तालुक्यातल्या कित्येक पाड्यांवरच्या बायका उन्हाळ्यात टँकरची वाट पाहतात. आपल्या मोरीत वाहून जाते ते पाणी त्यांच्या अंगणातले.

शेवटी एका रविवारी मी आणि माझ्या मुलाने पाना हाती घेतला. कृती सांगते, कारण ती भाकरी थापण्याहून सोपी आहे.

प्रथम गीझरचे बटण बंद करावे. मग न्हाणीघराचा मुख्य कॉक बंद करून नळ सोडून ठेवावा, म्हणजे नळीत राहिलेले पाणी निघून जाईल. टबाच्या भोकात फडका कोंबावा, नाहीतर सुटलेला स्क्रू थेट गटाराच्या भेटीला जातो. टबात जुने गोणपाट अंथरावे, म्हणजे पाना पडला तरी चरा जाणार नाही. गरम आणि गार अशा दोन चाव्या असतील तर एकेकीचे पाणी बंद करून कोणती गळते ते आधी पाहावे.

चावीवरची टोपी उचकटली की खाली स्क्रू दिसतो. तो काढून चावी उचलावी आणि आतला पितळी भाग पान्याने उलटा फिरवून बाहेर घ्यावा. त्याच्या टोकाला रबराचा वायसर असतो. आमच्या वायसरवर गोल खाच पडली होती आणि कड फाटली होती. जो वायसर पाणी अडवायचा तोच फाटला, तर वरून कितीही आवळा, काय उपयोग? उलट आवळून आवळून तो लवकर मरतो. तो जुना वायसर दुकानात नेऊन त्याच मापाचा नवा आणावा. बसविण्यापूर्वी तो ज्या कडेवर टेकतो तिच्यावरून बोट फिरवावे. ती खरबरीत असेल तर नवा वायसरही कापला जाईल. मग ती कड घासून घेण्यासाठी जाणता माणूसच बोलवावा. पाणी चावीच्या दांड्यातून वर येत असेल तर दोष तिथल्या पॅकिंगचा. आणि पाव फेऱ्यात उघडणारा नवा नळ असेल तर त्यात असा वायसर नसतोच. आतला अख्खा भाग बदलावा लागतो.

आमच्या नळाची कड गुळगुळीत होती. अर्ध्या तासात काम झाले, आणि खर्च चहाच्या खर्चापेक्षा अधिक नव्हता.

सासूबाईंची झोप मात्र वायसरने जुळत नाही. त्या रात्रीही त्या साडेतीनला उठल्या. “गो, पाणी गेला काय?” त्यांनी विचारले. चाळीस-पन्नास वर्षांची सवय एका रविवारात कशी जाणार? पण आता न्हाणीघराची फरशी कोरडी असते, वाटेत बारीक दिवा असतो, आणि एक भरलेली बादली आम्ही झोपण्यापूर्वीच टबात ठेवतो. ती पाहिली की त्या समाधानाने परत जाऊन पडतात.

दिवाळीची सफाई चालली असेलच. उटणे, सुवासिक तेल आणि मोती साबणाच्या यादीत दोन वायसर जरूर लिहा. नरक चतुर्दशीच्या पहाटे प्लंबर कोणाच्याच हाकेला येत नसतो!