काय ठेवलं हाय त्या गोट्यात?



हौसेला मोल नसते असे म्हणतात. आपल्या घरात मात्र हौसेचे मोल पैशा-पैशाने मोजले जाते. दिवसभर कापूस वेचून आलेल्या बाईपुढे ‘कला’ हा शब्द काढला तर ती हसते. तेल्हाऱ्याकडे एखाद्याने जुन्या किल्ल्याचे, शिल्पाचे नाव काढले की आजीचा सवाल ठरलेला, “काय ठेवलं हाय त्या गोट्यात? पोटाचं पाहा!”

पोटाचे पाहायचेच. पण ज्यांच्या आज्या-पणज्यांना देवळाच्या खांबावरची नक्षी जवळून पाहण्याचीही मुभा नव्हती, त्यांच्या नातवंडांनी आता आपणहून डोळे मिटून का बसावे?

सुरुवात सिनेमापासून करू, कारण सिनेमा सर्वांनाच आवडतो. चैतन्य ताम्हाणे यांच्या ‘कोर्ट’ या चित्रपटाला २०१४ सालचा सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. त्यातला लोकशाहीर नारायण कांबळे म्हणजे आपल्या नागपूरचे वीरा साथीदार. ते व्यवसायाने नट नव्हते. चळवळीतले कार्यकर्ते आणि ‘विद्रोही’चे संपादक होते. एप्रिल २०२१ मध्ये कोरोनाने त्यांना नेले.

हा चित्रपट पाहताना पहिली दहा मिनिटे मुले कंटाळतील. कॅमेरा एका जागी ठाण मांडून बसतो, हलतच नाही. बसू द्यावे. त्यामुळेच पुढे गटारात उतरून मेलेल्या कामगाराची बायको साक्ष देते, तेव्हा आपण तिच्यापासून नजर काढू शकत नाही. नवरा उतरण्याआधी आत खडा टाकायचा आणि झुरळ बाहेर येते का ते पाहायचा, असे ती सांगते. झुरळ जिवंत, म्हणजे आत हवा आहे! ती रडत नाही, आवाज चढवत नाही. मारामारीच्या दहा सिनेमांत नसेल एवढा संताप त्या साध्या बोलण्यात आहे. चित्रपट संपल्यावर टीव्ही लगेच बंद करून झोपू नये. मुलांना विचारावे, तुला काय दिसले? पोरे अशी उत्तरे देतात की मोठ्यांनी ऐकत राहावे.

असे ठाण मांडून पाहण्याची सवय लागली की घरातली सतरंजीही वेगळी दिसते. अकोटच्या सतरंज्या एके काळी नावाजलेल्या होत्या. सभेला आपण त्यांवर बसतो; पट्ट्यांचे रंग कसे जुळवले आहेत ते किती जण पाहतात? त्याच अकोट तालुक्यात शहानूरवरून नरनाळा किल्ल्यावर जाता येते. तिथला महाकाली दरवाजा १४८७ सालचा. दगडात कमळे, अरबी अक्षरे आणि दोन्ही बाजूंच्या सज्जांना जाळ्या. जाळ्यांची नक्षी नाना तऱ्हेची! पोरांना मोजायला लावावी.

पण सर्वात जवळचा ठेवा भोनचा. तेल्हाऱ्याला लागून असलेल्या संग्रामपूर तालुक्यात, पूर्णेच्या काठी हे गाव आहे. २००० नंतरच्या काही वर्षांत पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या पुरातत्त्वज्ञांनी तिथे उत्खनन केले, तेव्हा विटांचा स्तूप सापडला. तो इसवी सनापूर्वीचा, मौर्यकाळापर्यंत मागे जाणारा असल्याचे त्यांचे मत आहे. भाजलेल्या मातीची कडी एकावर एक बसवून केलेल्या विहिरीही मिळाल्या. म्हणजे आपल्या या काळ्या मातीत तेव्हा वस्ती होती, पाण्याची सोय होती आणि धम्मही होता. मुलांना सांचीचा स्तूप पुस्तकातून पाठ असतो, भोनचे नाव ठाऊक नसते!

आणि हे गाव जिगाव प्रकल्पाच्या बुडीत क्षेत्रातले. धरण नको असे शेतकऱ्याच्या घरातून कोण म्हणेल? तरी दोन हजार वर्षांची जागा पाण्याखाली जायची असेल, तर तिच्या शेजारच्या तालुक्यातल्या माणसांनी निदान ती पाहिलेली असावी.

तिथे सांचीसारखा घुमट दिसेल या अपेक्षेने जाऊ नये. गावातल्या जाणत्या माणसाला जागा विचारावी. शेतात खापराचा तुकडा दिसला तर हातात घेऊन पाहावा, मुलांना दाखवावा आणि होता तिथेच ठेवावा. पावसाळ्यात जाऊ नका, चिखलात चप्पल रुतते. भाकरी आणि पाणी सोबत न्या. आजीलाही न्या.