पण जिंकलं कोण?

अमेरिकेत अध्यक्षपदाच्या उमेदवारांचा टीव्हीवरचा वादविवाद संपला, की त्यानंतर जे सुरू होतं त्याची मला मनापासून चीड आहे. स्टुडिओत पाच-सहा सुटाबुटातली मंडळी तयारच बसलेली असतात. निवेदक त्यांच्याकडे वळतो आणि पहिला प्रश्न विचारतो, "मग, आज कोण जिंकलं?" झालं! दोन माणसं दीड तास कर, औषधं, युद्ध, पेन्शन यांवर भांडत होती. त्याचा निकाल दीड मिनिटात लागतो.

ही चीड जुनी आहे आणि तिच्यातला बराचसा भाग माझा स्वतःवरचाच राग आहे. म्हणून आज एकदाचं लिहून टाकतो.

२००० साली मी नोकरीसाठी न्यू जर्सीत होतो. मत द्यायचा हक्क अर्थातच नव्हता, पण उत्सुकता भयंकर. ३ ऑक्टोबरला बॉस्टनमध्ये अल गोर आणि जॉर्ज बुश यांचा पहिला वादविवाद झाला. तो साडेचार कोटींहून जास्त लोकांनी पाहिला, त्यातला मी एक. अमेरिकन राजकारणातलं निम्मं डोक्यावरून जायचं, म्हणून मी चक्क वही-पेन घेऊन बसलो होतो. बुश यांना करात १.३ लाख कोटी डॉलरची कपात हवी होती. गोर म्हणत होते, तिचा मोठा वाटा वरच्या एक टक्का श्रीमंतांनाच मिळेल. औषधांच्या खर्चाबद्दल गोर यांचं म्हणणं, मेडिकेअरमधल्या सगळ्याच वृद्धांना मदत द्यावी. बुश यांचं म्हणणं, आधी राज्यांमार्फत गरीब वृद्धांना द्यावी, बाकीचं मेडिकेअरच्या सुधारणांबरोबर बघू. दोन वेगळ्या वाटा होत्या, आणि त्या माझ्यासारख्या उपऱ्यालाही दिसत होत्या.

त्या रात्रीच्या झटपट पाहण्यांमध्ये गोर थोडे पुढेच होते. मलाही तसंच वाटलं होतं.

मग सकाळ झाली आणि सापडले उसासे! बुश बोलत असताना गोर मोठमोठ्याने उसासे टाकत होते, हे खरंच आहे. ते शोभत नव्हतं, हेही खरं. पण वाहिन्यांनी काय केलं, तर ते सगळे उसासे कापून एकापुढे एक जोडले. बुश काय बोलत होते ते गायब, गोर कशावर वैतागले होते तेही गायब. उरले नुसते उसासे. दिवसभर तेच. जोडीला गोर यांनी सांगितलेल्या किश्श्यांची चिरफाड. फ्लोरिडातल्या त्या शाळेत मुलीला खरंच उभं राहावं लागत होतं का? टेक्सासच्या वणव्यांच्या वेळी ते नक्की कोणाबरोबर गेले होते? यावर चर्चांचे तास खर्ची पडले. १.३ लाख कोटींवर किती? विचारू नका.

आता माझी गोष्ट. त्याच आठवड्यात ऑफिसच्या कँटीनमध्ये आम्ही जेवत होतो. आमच्यात पन्नाशीचा एक अमेरिकन सहकारी होता. त्याची म्हातारी आई एकटी राहायची आणि ब्लडप्रेशर, डायबेटिस अशा औषधांचं बिल तोच भरायचा, कारण घरी घ्यायच्या औषधांचे पैसे मेडिकेअर तेव्हा सहसा देत नसे. त्याचा वादविवाद बघायचा राहून गेला होता. त्याने मला विचारलं, "तू पाहिलास ना? औषधांचं काय म्हणाले रे?"

मी काय करावं? मी मान मागे टाकली आणि गोर यांच्यासारखा एक लांबलचक उसासा सोडला. टेबलभर हशा पिकला. तोही हसला. विषय संपला.

वही माझ्या बॅगेतच होती हो! त्याला हवं ते उत्तर माझ्या हस्ताक्षरात लिहिलेलं होतं. मत द्यायचा हक्क त्याला होता, गरज त्याच्या आईला होती, आणि मी त्याला काय दिलं, तर टीव्हीवरून उसनी आणलेली नक्कल. दोन दिवसांपूर्वी गोर बरे बोलले असं वाटणारा मी, आता "गोर गंडले" असं बिनदिक्कत सांगत होतो. माझं मत कधी बदललं हे माझं मलाच कळलं नव्हतं.

हा काही माझ्या एकट्याचा बावळटपणा नव्हे. १९७६ सालची गोष्ट बघा. ६ ऑक्टोबरला सॅन फ्रान्सिस्कोत जेराल्ड फोर्ड आणि जिमी कार्टर यांचा दुसरा वादविवाद झाला. पूर्व युरोपवर सोव्हिएत वर्चस्व नाही, असं फोर्ड बोलून गेले. फोर्ड यांच्याच प्रचारासाठी पाहण्या करणाऱ्या रॉबर्ट टीटर यांनी त्याच रात्री लोकांना विचारलं, तर फोर्ड सरस ठरत होते. पूर्व युरोपचा विषय फारसा कोणी काढलाही नाही. पुढचे चोवीस तास टीव्ही आणि वर्तमानपत्रांनी त्या एका वाक्याचा धोशा लावला आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत पारडं साफ उलटलं. वादविवाद तोच, शब्द तेच. मधे फक्त पंडित बोलले होते.

यावर कोणी म्हणेल, फोर्ड चुकलेच होते ना? मग पत्रकारांनी ते सांगायचं नाही का? सांगायचंच! पोलंडमध्ये सोव्हिएत फौजा आहेत, हे अध्यक्ष विसरले तर ते ओरडून सांगायला हवं. वस्तुस्थिती सांगणं हे पत्रकाराचं कामच आहे. माझं भांडण निकालाशी आहे. "हे विधान चूक आहे" आणि "हे विधान त्यांना महागात पडणार" यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. पहिल्या वाक्याने मला माहिती मिळते. दुसरं वाक्य मला सांगतं, की इतरांना काय वाटणार आहे. आणि ते दहा वेळा ऐकलं, की मलाही तेच वाटू लागतं.

२०२४ च्या २७ जूनचं उदाहरणही कोणीतरी देईलच. अटलांटात बायडेन अडखळले, पंडितांनी हलकल्लोळ केला, आणि २१ जुलैला बायडेन यांनी माघार घेतली. तिथे पंडितांचं काय चुकलं? माझ्या मते मुख्य मुद्द्यावर नाही चुकलं. कारण हा माणूस आणखी चार वर्षं काम करू शकेल का, हाच त्या निवडणुकीतला खरा प्रश्न होता आणि त्याचं उत्तर लोकांना स्वतःच्या डोळ्यांनी दिसलं होतं. पण उसासा हा कुठला प्रश्न होता हो?

क्रिकेटमध्ये सामना संपल्यावर तज्ज्ञ बसतात, ते चालतं. कारण धावफलक असतो. कोण जिंकलं ते आधीच ठरलेलं असतं, तज्ज्ञ फक्त का ते सांगतात. वादविवादाला धावफलक नसतो. म्हणून हे तज्ज्ञच धावफलक होऊन बसतात. उत्तरपत्रिका न वाचता अक्षर बघून मार्क देणारे परीक्षक! आणि त्यांना खूश करणं विद्यार्थ्यालाही जमत नाही. दुसऱ्या वादविवादात गोर मवाळ झाले, तर पंडित म्हणाले फारच गुळमुळीत. तिसऱ्यात जोर लावला, तर म्हणाले फारच आक्रमक.

बुश निवडून आले, फ्लोरिडातल्या ५३७ मतांवर. २००१ साली करकपात झाली. मेडिकेअरमध्ये औषधांची सोय करणारा कायदा २००३ साली झाला आणि प्रत्यक्षात ती सोय २००६ मध्ये सुरू झाली. लोकांच्या खिशाला भिडलेल्या गोष्टी या होत्या. उसाशांनी कोणाचंही बिल वाढलं नाही की कमी झालं नाही.

हे सगळं आज का आठवलं? मे २०२४ मध्ये दोन माजी न्यायमूर्ती आणि एका ज्येष्ठ संपादकाने नरेंद्र मोदी आणि राहुल गांधी यांना जाहीर वादविवादाचं आमंत्रण दिलं होतं. राहुल गांधींनी होकार दिला, पण वादविवाद काही झाला नाही. व्हायला हवा होता असं मला वाटतं, आणि कधीतरी होईलही. पण त्या रात्री आपल्या वाहिन्यांवर, पडद्याच्या आठ चौकटींत आठ जण एकाच वेळी ओरडत काय निकाल देतील, याची कल्पना करून बघा!

तेव्हा एकच विनंती. शेवटचं वाक्य संपलं, की टीव्ही बंद करा. कोण काय करणार म्हणाला, त्यातल्या तीन गोष्टी लिहून काढा. मग खुशाल पंडितांना ऐका. आणि दुसऱ्या दिवशी कोणी विचारलं, तर...

तर वही बाहेर काढा. माझ्यासारखं करू नका.