न वळणाऱ्या बाईंचे वळण

खंबीर नेतृत्वाचा विषय निघाला की आमच्याकडील शिकलीसवरलेली मंडळी हटकून मार्गारेट थॅचरबाईंचे नाव घेतात. पोलादी स्त्री! कुणापुढे वाकली नाही! या आरतीत मला काही टाळ वाजवता येत नाही.

१० ऑक्टोबर १९८० रोजी ब्रायटनच्या पक्ष-अधिवेशनात बाईंनी ठणकावले की, ज्यांना मागे वळायचे असेल त्यांनी खुशाल वळावे, आपण वळणार नाही. पण त्याआधी अवघे तेवीस दिवस त्यांचेच सरकार मुकाट्याने वळले होते, त्याचे काय? वेल्श भाषेतल्या कार्यक्रमांसाठी दूरचित्रवाणीची चौथी वाहिनी देऊ, हे १९७९ च्या निवडणुकीतले त्यांच्या पक्षाचे वचन. सत्ता मिळताच ते गुंडाळले गेले. तेव्हा वेल्सचे वृद्ध नेते ग्विन्फोर इव्हान्स यांनी जाहीर केले, की दिलेला शब्द पाळा, नाहीतर ६ ऑक्टोबरपासून मी प्राणांतिक उपोषणाला बसतो. १७ सप्टेंबरला सरकार नमले. ‘एस फोर सी’ ही वाहिनी १ नोव्हेंबर १९८२ रोजी सुरू झाली (ही तारीख आम्हां सीमाभागातल्यांना वेगळ्याच कारणाने पाठ आहे!) आणि ती आजही चालू आहे. बाईंच्या अकरा वर्षांतले हे शहाणपण त्यांचे भक्त कधी सांगत नाहीत. सांगणार कसे? पोलादाला बाक आलेला दिसेल ना!

त्याच वेल्समधल्या खाणकामगारांपुढे मात्र बाई तसूभरही हलल्या नाहीत. मार्च १९८४ पासून वर्षभर संप चालला. वीजकेंद्रांवर कोळशाचे साठे आधीच करून ठेवलेले होते. दक्षिण वेल्समधले कामगार जवळजवळ अखेरपर्यंत एकजुटीने राहिले आणि हरले. मजूर पक्षाच्या राजवटीतही खाणी बंद पडल्या होत्या, हे मला मान्य आहे. परंतु ज्या गावात खाणीवाचून दुसरा रोजगार नाही, तिथल्या माणसाने घर कसे चालवायचे, हा प्रश्न सरकारचा नव्हे काय? याला खंबीरपणा म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

तीन निवडणुका जिंकल्या, खरे. पण एकदाही शंभरातली चव्वेचाळीस मतेसुद्धा पडली नाहीत. पुढे डोईपट्टी आणली. उमरावाला आणि झाडूवाल्याला जवळपास सारखाच आकार! ३१ मार्च १९९० रोजी लंडनमध्ये दंगल उसळली, तरी बाई हटल्या नाहीत. त्याच नोव्हेंबरात त्यांच्याच खासदारांनी त्यांना घरी बसवले. १९९३ मध्ये ती डोईपट्टीही गेली. ती घालवणारे जॉन मेजर हे बाईंनी स्वतः पसंत केलेले वारसदार होते.